मोगरीचा पान्हा

होळकरांचं राज्य विलीन झालं आणि सुधाकर मास्तर बुऱ्हाणपूरच्या शनवाऱ्यात ओट्यावर बसून पेपर वाचत साऱ्यांना सांगू लागले की आता अवघा देश एक झाला. त्याच दिवसांत जवळच्या बहादरपुरातल्या दोन शेजारणी मात्र एक व्हायला तयार नव्हत्या. खरं सांगायचं तर दोघी नव्हेत, एकटी सोजरबाईच. दुसरीला, म्हणजे सालोमीबाईला, आपल्याशी कुणाचं वैर चाललंय याची गंधवार्ताही नव्हती. सोजरबाईचा अर्धा जळफळाट त्याचाच होता.

दोघीही दुधाचा रतीब घालायच्या. सकाळी डोक्यावर बरणी घेऊन बुऱ्हाणपूर गाठायचं, दारोदार माप ओतायचं आणि उन्हं चढायच्या आत घरी परतायचं. सोजरबाईकडे मोगरी नावाची म्हैस होती आणि तिच्यासारखी म्हैस साऱ्या गावात नव्हती. पण दुधात थोडं पाणी घातल्याशिवाय सोजरबाईचा हात राहत नसे. तापीमाय एवढी भरून वाहते, तिचा जरासा हातभार लागला तर कुणाचं काय बिघडलं, असा तिचा साधा हिशेब. सालोमीबाई किरिस्ताव. ती पाणी घालत नसे, माप काठोकाठ भरायची, आणि रविवारी धुवट लुगडं नेसून प्रार्थनेला जायची. चांगली गिऱ्हाइकं सगळी तिच्याकडे. मास्तरांचं घरसुद्धा.

"आली साधवीण!" ती दिसली की सोजरबाई नवऱ्याला म्हणायची. भिकन बिडी ओढत हसायचा, की हिचं डोकं आणखी तापायचं.

एका सकाळी सालोमीबाई रिकाम्या हातांनी बुऱ्हाणपुरात जाताना दिसली. दारोदार उभी राहून ती सांगत होती, "आमच्या घरात मुदतीचा ताप आहे. मिशनच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा ताप दुधातून पसरतो. आजाऱ्याचं करणाऱ्या हातांनी दूध काढू नये. मी सांगेपर्यंत माझ्याकडचं दूध घेऊ नका."

सोजरबाईला आधी खरंच वाटेना. देवी आल्या तर दाराला कडुलिंब बांधतात, घरातलं काही बाहेर देत नाहीत, हे तिलाही ठाऊक होतं. पण तापासाठी कुणी धंदा बंद करतं का? आणि केला तरी गावभर दवंडी पिटतं का? मग तिच्या लक्षात आलं की आता मास्तरांचं घर मोकळं झालं. त्या दुपारी तिनं मोगरीला सरकी जास्त घातली.

मास्तरांच्या रजनीबाईंनी पहिल्याच दिवशी दूध बोटानं चाखून पाहिलं. "सालोमीबाईंचं जरा दाट असायचं," एवढंच त्या म्हणाल्या. ते सोजरबाईला असं झोंबलं की दुसऱ्या दिवसापासून तिनं पाणी घालणंच सोडलं. पुण्य करावं असं काही तिच्या मनात नव्हतं. सालोमीचं दूध दाट म्हणतात म्हणजे काय, एवढंच डोक्यात होतं.

मास्तरांची वंदना लहान होती. सोजरबाई पोचली की ती वाटी घेऊन धावत यायची. रजनीबाई घरचं दूध तापवून ठेवायच्या, पण वंदनाला फेसाळ, कच्चंच दूध हवं असायचं. पोर सोजरबाईला "दूधमावशी" म्हणू लागली. ते ऐकून सोजरबाईच्या अंगावर मूठभर मांस चढायचं, पण लगेच मनात यायचं, सालोमीलाही ही असंच म्हणायची का?

आणि मग भिकन अंथरुणाला खिळला. आधी ती म्हणाली ऊन लागलं. पण ताप उतरेना, जिभेवर पांढरा थर आला, आणि सोजरबाई काय ते समजली. तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर गिऱ्हाइकं परत त्या बाईच्या दारात. सालोमीचा नवरा तर आता तापातून उठून हिंडूफिरू लागला होता. हात राखेनं दोनदा घासून सोजरबाई दूध काढायला बसली आणि बरणी घेऊन निघाली.

वंदना वाटी घेऊन उभीच होती. सोजरबाईनं माप ओतलं. तेवढ्यात रजनीबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "सालोमीबाईंच्या घरचं आता बरं आहे म्हणे. बाईचं एक मानलं हं आपण! स्वतःच्या पोटावर पाय दिला, पण लपवलं नाही. दुसरी कुणी असती तर सांगितलं असतं का?"

सोजरबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. दुसरी कुणी म्हणजे कोण? तिचीच मक्तेदारी आहे काय खरं बोलायची? पोरीनं वाटी ओठाला लावली होती. सोजरबाईनं ती हिसकून दूध मोरीत ओतलं. वंदनानं भोकाड पसरलं.

"माह्या घरात ताप हाय, बाई," सोजरबाई जवळजवळ ओरडलीच. "मुदतीचा. मीबी सांगते, आयकलं का? मले बी सांगता येते!"

बाकीच्या दारांतही तिनं तेच सांगितलं आणि सगळी बरणी नाल्यात ओतून ती घरी आली. पुढे कितीतरी दिवस ती मास्तरांच्या घराकडे कान लावून होती. पोरीला काही झालं नाही.

दूध ओतलं त्याच दिवशी संध्याकाळी सालोमीबाई दारात उभी. "मोगरीला माझ्या अंगणात बांधा. डॉक्टरीणबाईंनी मला दूध काढायला मोकळीक दिली आहे. तुमचा रतीब मी घालते, तुम्ही भिकनभाऊंना बघा."

सोजरबाई मनात हसली. मोगरी परक्या हाताला धार देत नसे, सासूलासुद्धा लाथ बसली होती. "न्या," ती म्हणाली. "पाह्यते मी बी."

थोड्या वेळानं सालोमीबाई रिकामी चरवी घेऊन परत आली. "पान्हा सोडत नाही. तुमचं लुगडं द्याल?"

म्हैस आपल्या बाईच्या लुगड्याला भुलते, हे दोघींनाही ठाऊक होतं. नाही म्हणावं तर मोगरीची कास सुजायची. सोजरबाईनं गोठ्यातल्या दोरीवरचं हिरवं लुगडं काढून दिलं. मग नवऱ्याच्या कपाळावर ओली घडी ठेवत ती बसून राहिली. कुडापलीकडून चरवीत धार पडल्याचा आवाज आला. पहिल्यांदा बारीक, मग जाड, भरभरून. गिऱ्हाइकं गेली तेव्हा ती रडली नव्हती, आता रडली. हरामखोर मोगरी!

भिकन बरा झाला. म्हैस परत आली आणि गिऱ्हाइकंही आली. सालोमीबाई दर दारात मोठ्यानं सांगायची, "हे सोजरबाईंचं दूध, माझं नव्हे," हे तिला रजनीबाईंकडून कळलं. हिला लोभ म्हणून शिवतच नाही की काय? या विचारानं तिला आणखीच राग आला.

सालोमीबाई लुगडं परत द्यायला आली तेव्हा सोजरबाईनं विचारलंच, "एवढं जोरानं माहं नाव काऊन घेत होत्या वो तुम्ही?"

सालोमीबाई लुगड्याची घडी सारखी करत राहिली. "हळू घेतलं असतं तर हे दूध माझंच म्हणायला जीभ वळली असती माझी. असली म्हैस माझ्याकडे का नाही, म्हणून किती वर्षं जळतेय मी तुमच्यावर! दर रविवारी देवापुढे कबूल करते. सोमवारी तुम्ही चरवी भरून गोठ्यातून निघालात की पुन्हा तेच."

सोजरबाईनं चुलीवर चहा टाकला, आणि मोगरीचं बिनपाण्याचं दूध दोन्ही कपांत सारखं ओतलं.