बोलका डबा

राजुऱ्याच्या आठवडी बाजारात ती तलावाची मासळी विकते. तिचं नाव मला ठाऊक नाही. भाव ती प्रत्येकाला पुढं वाकून, हळू आवाजात सांगते. दिलेली नोट न बघताच ओल्या मुठीत झाकते आणि कमरेच्या पिशवीत कोंबते. मला हा निव्वळ गबाळेपणा वाटायचा. म्हणून मीच मागे लागून तिला स्कॅनर घ्यायला लावला. सोबत पैसे आल्याचं मोठ्यानं सांगणारा डबाही आला.

पुढच्या बाजारी एका थकलेल्या बाईनं मोबाइलवरून पैसे दिले आणि डबा ओरडला, "चाळीस रुपये प्राप्त झाले!"

शेजारचं गिऱ्हाईक उसळलं. "तेवढ्याच मासोळ्यांचे मले शंभर सांगतले, अन् तिले चाळीस? काऊन?"

ती थकलेली बाई मान खाली घालून निघून गेली. मासळी तिथंच राहिली.

नंतरच्या बाजारी डबा दिसला नाही, स्कॅनरही नाही. मी विचारलं. गिऱ्हाइकं पांगेपर्यंत मासळीवाली मासळी तोलत राहिली. मग म्हणाली, "नोट चुप राह्यते, भाऊ. हा डबा साऱ्या बजारात बोंबलते. त्या बाईचा नवरा खाटेवर पडून हाये, हे मले मालूम हाये. बजाराले कायले सांगू?"

घरी येताना मला एक जुनं वर्ष आठवलं. तेव्हा माझी नोकरी गेली होती, आणि तिची मासळी वर्षभर स्वस्त होती. त्या साली तलाव चांगले भरले असतील, असंच मी आजवर समजत होतो.