मावसाजींचं जास्तीचं टोपलं

साऱ्या वर्धा जिल्ह्यात शेणाकडे माझ्या मावसाजींइतकं प्रेमानं पाहणारा माणूस दुसरा झाला नसेल. रस्त्यात शेण दिसलं की माणसं चुकवून पाय टाकतात. मावसाजी थांबत, वाकून पाहत आणि "म्हैस हाये, सरकी खाल्लेली दिसते," असा निर्वाळा देऊन पुढे निघत. पुलगावच्या गिरणीत जन्मभर फिटरकी करून ते आंजीच्या पलीकडच्या आपल्या लहानशा गावी परतले, आणि सत्तरचं दशक संपता संपता त्या गावात गोबरगॅसची सामाईक टाकी झाली. गावाच्या मध्यावर टाकी आणि तिथून पाईपानं वीसेक घरांच्या शेगड्यांना गॅस. टाकी सांभाळायचं काम मावसाजींनी मागून घेतलं. मावशीच्या मते त्या दिवशी तिच्या घरात सवत आली.

पाईपाचा सांधा गळतो का हे ते दाढीच्या साबणाचा फेस लावून पाहत. बुडबुडे आले की गळती. त्यामुळे अर्धी दाढी झाली असताना एखादा सांधा आठवला की ब्रश घेऊन तसेच धावत. माझ्या साखरपुड्यालासुद्धा ते एकच गाल गुळगुळीत करून आले, आणि माझ्या होणाऱ्या सासऱ्यांच्या शेजारी बसून पहिला प्रश्न विचारला, "जनावरं किती हायेत तुमच्याकडे?" सासऱ्यांना वाटलं, देण्याघेण्याची बोलणी सुरू झाली. ते इतके गडबडले की त्यांनी दोन बैल कमीच सांगितले.

टाकीचा नियम सरळ होता. जो शेण टाकेल त्याला गॅस. पण तीन घरं अशी होती की त्यांच्याकडे शेळीही नव्हती. त्यातलं एक कौसाबाईचं. ती लोकांच्या शेतात निंदणाला जायची आणि सासू घरी कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या जाळून भाकरी भाजायची. धुरानं म्हातारीचे डोळे सदा गळत. एकदा मावसाजी कौसाबाईच्या भिंतीशी सांधा तपासत असताना ती म्हणाली, "पाईप त आमच्याच भिंतीवरून जाते जी. मंग आमालेच काऊन नाई?"

मावसाजी त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हातानं तिन्ही घरांना गॅस जोडून दिला आणि त्यांच्या वाट्याचं शेण आणायला सायकल घेऊन निघाले. कॅरियरला डबा बांधलेला. बाजाराच्या दिवशी ते बैलगाड्यांच्या मागे मागे जात. कुणाच्या लग्नाला गेले तर मांडवाऐवजी बैल सोडलेल्या जागी सापडत. मी रविवारी नोकरीच्या गावाहून, बोरगाव मेघेहून, गेलो की मलाही एक टोपलं मिळायचं. "नोकरदार झाला म्हणून का झालं? घे," म्हणत.

उन्हाळा लागला, जनावरांचा चारा आटला तसं शेणही आटलं. ज्योती बारीक झाल्या आणि गावात कुरबुर सुरू झाली. मावसाजी घरोघरी फिरले. ज्याच्याकडे चार जनावरं, त्यानं एक टोपलं जास्तीचं द्यावं, एवढंच मागणं. चार म्हशी बाळगणारे किराणा दुकानदार म्हणाले, "शेण नाई त गॅस नाई. नियम तुमीच वाचून दाखवला होता, फिटरसाहेब." गावाच्या येत्या बैठकीत तिन्ही घरांचा गॅस तोडायचं ठरलं.

मावसाजी घरी आले आणि आपल्याच स्वयंपाकघराचा कॉक बंद करून बसले. "आपला वाटा त्याईले," एवढंच बोलले. मावशी पुन्हा चुलीशी गेली. पाच दिवस ती मावसाजींशी एक शब्द बोलली नाही. भाकरी ताटात पडायची ती मात्र दणकन.

सहाव्या दिवशी चावडीत बैठक होती, बायका ओसरीवर बसल्या होत्या. मावसाजी बोलायला उभे राहिले, तोच मावशी पदर खोचून आत आली. मी दाराशीच होतो.

"तुमी बसा," ती नवऱ्याला म्हणाली आणि सगळ्यांकडे वळली. "पाच दिस झाले, मी चुलीवर रांधून राह्यली. माहे डोळे पाहा. कौसाची सासू त जनमभर हा धूर खात आली. तुमाले तोडाचं असन त तोडा. पण आधी घरी जा अन् बायकोले इचारा, उद्यापासून चुलीवर जातं का म्हणून."

मग ओसरीवरून दुकानदारांच्या बायकोचा आवाज आला, "आमच्या घरचं एक टोपलं जास्तीचं येईन उद्यापासून."

दुकानदारांनी घसा खाकरला. "मी तेच म्हणून राह्यलो होतो," ते म्हणाले.

त्या बैठकीत सात टोपली जमली. तिन्ही घरांचा गॅस राहिला. घरी परतताना मावसाजी मावशीच्या चार पावलं मागून चालत होते.

मावसाजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्याविषयी कुणी विचारलं की मला पुढच्या एका हिवाळ्यातली रविवारची सकाळ आठवते; मी टाकीवरच होतो. कौसाबाईनं नुकतीच एक कालवड घेतली होती. ती डोक्यावर टोपलं घेऊन टाकीवर आली, शेण ओतलं, आणि घरी जाऊन दुसरं टोपलं घेऊन आली.

"तुले एकच लागते, बाई," मावसाजी म्हणाले.

"हे माह्यं नाई जी. आमच्या मागं ते नवीन बिऱ्हाड आलं ना, लेकुरवाळी हाये ते. तिच्यासाठी."

मावसाजींनी टोपलं दोन्ही हातांनी घेतलं. शेण ओतून झाल्यावरही बराच वेळ ते माझ्याकडे पाठ करून टाकीपाशी उभे राहिले. मी माझं टोपलं उचललं आणि बैलगाड्यांच्या वाटेला लागलो.