कसले व्हिडिओ, ते मॅडम बोलल्या नाहीत

आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलींच्या हॉस्टेलात नेट आलं, तेव्हा त्याच्याबरोबर एक नियमही आला. व्हिडिओ बघायचा नाही. कारण सरळ होतं. लाइन बारीक, खोल्या पुष्कळ. एकीनं व्हिडिओ लावला की दुसरीची ईमेल उघडेना. मला ते तेव्हाही पटलं होतं. माझा राग त्या नियमावर नाही.

माझी रूममेट सुरगाण्याकडची, आश्रमशाळेत शिकून आलेली. गणितात आमच्या सगळ्यांच्या पुढे, पण वर्गात सर इंग्रजीत सुटले की गोंधळून जायची. मग तिला नेटवर परदेशातल्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकाची लेक्चर्स सापडली. तो फळ्यावर सावकाश लिहायचा, आणि मुख्य म्हणजे त्याला थांबवता यायचं. एकेक वाक्य ती पुन्हापुन्हा ऐकायची. तेही दुपारी, हॉस्टेल रिकामं असताना, कुणाचं काम अडू नये म्हणून.

नेटवर्क सांभाळणाऱ्या सरांच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी रेक्टर मॅडमना कळवलं. मॅडमनी तिला बोलावून विचारायचं की नाही? त्यांनी संध्याकाळी मेसमध्ये, सगळ्या जेवत असताना तिला उभं केलं.

"ही मुलगी हॉस्टेलच्या नेटवर तासन् तास व्हिडिओ बघत बसते. कसले, ते मी इथे बोलत नाही."

बोलत नाही! माहीत असतं तर बोलल्या असत्या ना. त्या एका वाक्यानं व्हायचं ते झालं. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या जिन्यात मुलं तिला बघून शिट्ट्या मारत होती. त्याच मुलांच्या हॉस्टेलात अख्खे सिनेमे या खोलीतून त्या खोलीत फिरायचे, आणि तिथल्या रेक्टरांना त्याचं काही नव्हतं.

वर मॅडमनी तिच्या गावी फोन लावला. "तुमची मुलगी नको ते बघते, येऊन भेटा." तिचे वडील पहिल्या एसटीनं आले. मॅडमच्या ऑफिसात ते उभेच होते, बसा म्हणायचंही कुणाला सुचलं नाही. पोरीनं काय केलं, हेसुद्धा त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, "पोरीला घरी नेऊ का, मॅडम?"

ती त्यांच्या शेजारी, आणि मी दारात उभी होते. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण आता राहवेना.

"मॅडम, तो व्हिडिओ तुम्ही बघितलाय का?"

"तू मध्ये बोलू नकोस."

"बघितलाय का, एवढंच सांगा."

"मला बघायची गरज नाही. सरांनी सांगितलंय."

मी तडक जाऊन त्या सरांना घेऊन आले. ते गडबडले. "मी फक्त व्हिडिओ एवढंच कळवलं होतं. कसला, ते मी कुठे बघितलं?" मग मॅडमच्याच कॉम्प्युटरवर मी त्यांना तो लावायला लावला. तो उघडायला बराच वेळ लागला. शेवटी म्हातारा दिसला, हातात खडू, मागे फळाभर समीकरणं.

वडील वाकून बघत राहिले. "हा मास्तर हाय का गं?"

"हो बाबा. मोटर कशी फिरते ते शिकवतोय."

ते मग समोरच्या खुर्चीवर बसले. कुणी न सांगता.

"काही का असेना," मॅडम म्हणाल्या, "नियम मोडलाच ना?"

तेव्हा माझी रूममेट पहिल्यांदा मॅडमशी बोलली. "मोडला, मॅडम. त्याची शिक्षा द्या. पण मेसमध्ये जे बोललात, ते मेसमध्येच मागे घ्या."

"बघू," मॅडम म्हणाल्या.

शिक्षा लगेच झाली. त्याच दुपारी आमच्या खोलीची नेटची वायर काढून नेली. मेसमध्ये मात्र मॅडम कधीच काही बोलल्या नाहीत. नेटवर्कवाल्या सरांना बहुधा लाज वाटली असावी. त्यांनी उरलेली लेक्चर्स लॅबमध्ये उतरवून तिला सीडीवर दिली. ती चांगल्या मार्कांनी पास झाली, आज एका वीज उपकेंद्रात इंजिनिअर आहे. पण कॉलेज सुटेपर्यंत तिनं त्या जिन्यानं जाणं टाळलं. लांबच्या जिन्यानं वळसा घालून जायची, आणि मीही तिच्याबरोबर.

मध्यंतरी देवळाली कॅम्पला एका लग्नात मॅडम भेटल्या. मी त्या मुलीची आठवण काढली. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "अगं, हॉस्टेलात इतक्या मुली येऊन गेल्या, कोण कोण लक्षात राहणार?"

मी हातातलं ताट तसंच ठेवलं आणि न जेवता निघाले.