चकचकीत साहेबांचं पदक

आमच्या दारावर पितळी पाटी आहे, पण तिच्यावर नाव नाही. म्हणजे, होतं. मी लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांचं आडनाव अर्धंमुर्धं वाचता यायचं. पुढे तेही गेलं. आता कुणी पत्ता विचारला तर पोस्टमन सांगतो, "ज्या पाटीत आपलं तोंड दिसेल, ते घर."

ही सगळी सासऱ्यांची करणी. ते नौदलात अधिकारी होते. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, तरी दर रविवारी सकाळी वर्तमानपत्र अंथरून, पॉलिशचा डबा आणि जुन्या बनियनची चिंधी घेऊन बसतात. कड्या, नळ, कुलपं, हाताला लागेल ते घासतात. गल्लीत त्यांना चकचकीत साहेब म्हणतात. देवापुढचा दिवा तेवढा मी शनिवारीच कपाटात लपवते. देव समजून घेतो.

ही सवय लागली ती एका मोहिमेत. त्यांचं जहाज शत्रूच्या बंदराबाहेर एक्केचाळीस दिवस पहाऱ्याला उभं होतं. शत्रू काही बाहेर आला नाही. कप्तान मात्र रोज सकाळी यायचे आणि प्रत्येक पितळी वस्तूवर अंगठा फिरवायचे. अंगठा काळा झाला की ती वस्तू ज्याच्याकडे, त्या अधिकाऱ्याची धडगत नसे. मोहीम संपल्यावर तोफवाल्यांपासून आचाऱ्यापर्यंत सगळ्यांना पदक मिळालं.

"एकही गोळी न झाडता शत्रूला कोंडून ठेवलं!" सासरे सांगतात.

"आणि ओकाऱ्या किती काढल्या, तेही सांगा की," सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणतात.

यंदा त्या मोहिमेला पन्नास वर्षं झाली. मेळाव्याचं पत्र आलं: सहकुटुंब यावे, पदक लावून यावे, कप्तान स्वतः पाहणी करतील. कप्तान ब्याण्णव वर्षांचे. सासरे आनंदाने पदक घेऊन उजेडात गेले आणि तिथेच थिजले.

"अगं, यावरचं जहाज कुठे गेलं?"

"बुडालं," सासूबाई म्हणाल्या. "तुमच्या चिंधीत."

खरंच, पदक दोन्ही बाजूंनी कोऱ्या नाण्यासारखं गुळगुळीत झालं होतं. सासरे दोन दिवस धड जेवले नाहीत. "सूनबाई, कप्तान म्हणतील हा तोतया आहे. सगळ्यांसमोर रांगेतून बाहेर काढतील. मी होतो गं तिथे. पण दाखवू काय?"

त्यांचा एवढासा चेहरा मला बघवेना. शाळांना करंडक पुरवणाऱ्या दुकानात मी त्यांना घेऊन गेले.

"जहाजाचं नाही," दुकानदार म्हणाला. "होड्यांच्या शर्यतीतलं एक उरलंय."

पदकावर होडी होती आणि वल्ही मारणारे चौघे. मागे लिहिलं होतं, 'उत्तेजनार्थ'.

"मागची बाजू कोण बघतंय?" मी म्हटलं. देवासमोर मी सहसा खोटं वागत नाही, पण त्या वेळी देव दुकानात नव्हता, अशी मी सोयीस्कर समजूत करून घेतली.

सासूबाईंनी जुनी फीत उसवून नव्या पदकाला शिवली. जुनं पदक सासऱ्यांनी खिशात ठेवलं. म्हणाले, "असू दे सोबतीला."

मेळाव्यात तेवीस म्हातारे रांगेत उभे राहिले. एकाचा गुडघा वाकत नव्हता, दुसऱ्याचा सरळ होत नव्हता. कप्तान काठी टेकत आले आणि प्रत्येकाच्या पदकावर अंगठा फिरवत पुढे सरकू लागले. "छान. छान." सासऱ्यांपाशी अंगठा अडला.

"हे काय टोचतंय?"

"जहाज आहे, सर."

कप्तानांनी चष्मा लावला. "वल्ही दिसतायत. आपल्या जहाजाला वल्ही कधी होती?" मग त्यांनी पदक उलटलं आणि मोठ्याने वाचलं, "उत्तेजनार्थ!"

रांगेत खोकल्याची साथ आली. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला, लाजेने की हसू दाबायला, मला कळलं नाही. मी मनातल्या मनात देवाला हाक मारली.

"तू आमच्यातला नाहीस," कप्तान म्हणाले.

सासऱ्यांनी खिशातलं जुनं पदक काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं. "सर, माझं हे आहे. पण यावर काहीच उरलं नाही."

कप्तानांनी अंगठा फिरवला. एकदा, मग पुन्हा. अंगठा उलटून पाहिला. स्वच्छ.

"गाढवा," ते म्हणाले, "मग हे लपवून का ठेवलंस? रांगेत बघ जरा!"

तेव्हा मी नीट पाहिलं. बाकीच्या बावीस छात्यांवरच्या एकाही पदकावर जहाज नव्हतं. सगळी कोरी, सगळी लखलखीत. आचारी म्हणाला, "माझं तर आता नखाएवढं पातळ झालंय, साहेब. वाऱ्यावर उडतं."

सासूबाईंनी पर्समधून सुई काढली आणि रांगेतच फीत उसवून परत जुन्या पदकाला शिवली. कप्तान काठीवर रेलून वाट बघत थांबले.

घरी येताना सासरे गाडीत गातच होते. मला वाटलं, शर्यतीचं पदक आता कचऱ्यात जाणार. पण रविवारी पाहते तर वर्तमानपत्रावर सगळ्यात आधी तेच पडलेलं.

"आता हे कशाला, बाबा?"

"वल्ही काढतोय," ते चिंधी फिरवत म्हणाले. "टाकून कशाला द्यायचं? दोनचार वर्षांत तेही माणसात येईल."

मी आत जाऊन देवाचा दिवा एक फळी आणखी वर सरकवला.