निळा ड्रम

टेरीकॉटसाठी पॉलिएस्टरचा धागा जिथं रात्रंदिवस निघायचा, त्या कारखान्यात वापरलेलं ग्लायकॉल उकळून, शुद्ध करून परत यंत्रात सोडायचं काम माझं होतं. चवीला गोड, पोटात गेलं की जहर.

उन्हाळ्यात सुट्टीवर पालमजवळच्या आमच्या गावी आलो. काकूनं लगेच पाण्याचा तांब्या दिला. आमच्या विहिरीचं पाणी मचूळ, आणि हे साखर घातल्यासारखं लागलं! घोट थुंकून मी कोपऱ्यातल्या निळ्या ड्रमकडं धावलो. ग्लायकॉलचे तसलेच रिकामे ड्रम आमच्या कारखान्यातून भंगारात जायचे. लाथ घालून तो आडवा केला.

“मेल्या, डोक्यावर वाहिलेलं पाणी हाय त्ये!” काकू किंचाळली.

“कोण कोण प्यालं?” मी ओरडलो.

“कुणीच न्हाई. लेकरं सकाळपासून मागायलीत. म्हनलं, नव्या ड्रममधला पहिला तांब्या तुला.”