कमांडरने वाट कशी पाहावी

महिन्यातले दोन रविवार मी थोडासा अमेरिकन असतो. एरवी मी लंडनजवळच्या स्लाऊ गावात एका वेअरहाउसमध्ये व्हॅन कुठवर पोचल्या ते बघतो. पण केंब्रिजच्या बाहेर, बीटाच्या शेतांमध्ये, दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन बॉम्बर विमानांचा एक जुना तळ आहे. धावपट्टीचा उरलेला तुकडा आणि कंट्रोल टॉवर गावकऱ्यांनी जपलाय. तिथे मी हौसेने गाइड म्हणून उभा राहतो.

माझा आवडता भाग कमांडरचा. सकाळी त्याने विशी-बाविशीतली पोरं जर्मनीवर पाठवलेली असायची. दुपारी तो टॉवरच्या गॅलरीत येऊन उभा राहायचा. खाली मेकॅनिक, ड्रायव्हर, स्वयंपाकी, सगळे आभाळाऐवजी त्याच्या तोंडाकडे बघायचे. म्हणून चेहऱ्यावरची रेषा हलू द्यायची नाही. हे सांगताना मी हात मागे बांधतो, हनुवटी वर करतो, आणि शेवटी स्वतःचं वाक्य टाकायचो: ज्याला वाट पाहता येत नाही, त्याने माणसं पाठवू नयेत. वेअरहाउसमध्येही एकदा म्हणून पाहिलं. ड्रायव्हर एकमेकांकडे बघून हसले. त्यांना सारखं ‘कुठे पोचलास?’ विचारणारा मीच होतो.

गेल्या वसंतात मुलगी ड्रायव्हिंग टेस्ट पास झाली आणि म्हणाली, तुमचं ते भाषण ऐकायला मी एकटी गाडी घेऊन येते. मला त्या दिवशी ट्रेनने लवकर पुढे जायचं होतं. निघताना मी तिला झोपेतून उठवून हातावर दही ठेवलं आणि टायरची हवा पुन्हा बघितली. तिने स्वतःहून फोनवर लोकेशन चालू करून दिलं. म्हणजे तुम्ही फोन करणार नाही, असं तिचं म्हणणं. मी कबूल केलं.

त्या दिवशी ऐकायला अमेरिकेहून एक वयस्क जोडपं आलं होतं. बाईंचे वडील याच तळावर मेकॅनिक होते. मी गॅलरीत उभा, हात मागे बांधलेले, त्यातल्या एकात फोन. धावपट्टी दाखवायच्या निमित्ताने पाठ वळवायची आणि स्क्रीन बघायची, असं चाललं होतं. वॉटफर्डजवळ मुलीचा निळा ठिपका थांबला. ट्रॅफिक असणार, हे शेंबडं पोरही सांगेल. मी फोन केला. तिने उचलला नाही. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, हे मीच शिकवलेलं. पुन्हा केला. ठिपका हलला तरी करतच राहिलो. मग थोडं पुढे जाऊन तो परत थांबला आणि तिथेच राहिला.

बाई विचारत होत्या, एखादं विमान परत आलंच नाही तर कमांडर काय करायचा? मी त्यांना जरा थांबायला सांगून जिन्यात पळालो. तेवढ्यात तिचाच फोन आला.

“बाबा, तुम्ही ओके आहात?”

“मला काय झालंय?”

“मग इतके फोन का? मला वाटलं तुमचं हार्ट... मी हार्ड शोल्डरवर थांबलेय. लॉरी गेली की सगळी गाडी हलते.”

मोटरवेच्या कडेची ती पट्टी. गाडी बंद पडली तरच तिथे थांबायचं. एक लॉरी गेली, ती मला जिन्यात फोनमधून ऐकू आली. पोरगी व्यवस्थित चालली होती. तिला तिथे नेऊन उभं केलं ते मी.

“सॉरी बेटा,” मी म्हणालो.

“लोकेशन बंद करतेय. फोन खिशात ठेवा. येतेय मी.”

गॅलरीत जायची हिंमत झाली नाही. खाली चहाचं काउंटर सांभाळणाऱ्या बाईंनी माझं तोंड पाहिलं आणि काही न विचारता हातात फडकं दिलं. मी कप पुसले. पुसलेले परत पुसले. ती अमेरिकन बाई, मेकॅनिकची मुलगी, खाली आली, तेव्हा तिला खरं काय ते सांगून टाकलं.

ती हसली नाही. तिचे वडील सांगायचे म्हणे, की विमानं उतरेपर्यंत कमांडर वर अगदी ताठ उभा असायचा, मग खाली येऊन टॉवरच्या मागे ओकायचा. सगळ्या तळाला ते माहीत होतं. कोणी काही पाहिलं नाही असं सगळे दाखवायचे.

काँक्रीटवर टायर वाजले. मी फडक्यासकट धावत बाहेर. मुलीने गाडी शांतपणे रिव्हर्सने लावली, उतरली, आणि आधी त्या अमेरिकन बाईंना हॅलो म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “चहा तरी द्या.” परतताना तीच चालवत होती. मी डाव्या सीटवर बसून नसलेला ब्रेक दाबत होतो.

माझं ते वाक्य मी भाषणातून काढून टाकलंय. ओकण्याचं सांगतो. लोकेशन अजून बंदच आहे. मी दोनदा विचारून पाहिलं. दूर निघाली की पोचल्यावर मेसेज करते, आठवलं तर. तोवर मी घरातले कोरडे कप पुसतो. बायको काही पाहिलं नाही असं दाखवते.