सतरा इंच

पेट्रोल महाग होणार की स्वस्त, हे ज्याला आधी कळून घ्यायचं असेल त्याने माझ्या नोकऱ्यांचा इतिहास बघावा आणि नेमकं उलटं धरावं. बावीस वर्षं मी गाड्या विकतोय. रस्त्याच्या एका बाजूला लहान गाड्यांच्या कंपनीची शोरूम, समोर मोठ्या गाड्यांच्या कंपनीची, आणि कोपऱ्यावर पेट्रोलपंप. पंपावरचा भावाचा फळा दोन्ही शोरूमच्या काचांतून स्वच्छ दिसतो. सकाळी आल्या आल्या दोन्हीकडची माणसं आधी तो वाचतात आणि मग कंप्युटर सुरू करतात. आकडा चढला की लहान गाड्यांवाले चहा मागवतात, उतरला की मोठ्यांवाले.

मी हा रस्ता तीनदा ओलांडला. सुरुवात लहान गाड्यांपासून केली. पेट्रोल उतरत गेलं, लोक लांबरुंद गाड्या घ्यायला लागले, तरी मी दोन वर्षं चिकटून बसलो. शेवटी समोर गेलो, तर तिसऱ्या आठवड्यात भाव भडकला. तिथे वर्षभर माश्या मारल्या आणि परत आलो, तर भाव खाली. पुन्हा समोर गेलो. रस्ता ओलांडताना मी डावीउजवीकडे नीट बघतो, फळ्याकडे बघायचं तेवढं राहून जातं. दोन्हीकडचे सहकारी मला 'उलटा काटा' म्हणतात, आणि मी कुठल्याही बाजूला रुजू झालो की तिथल्या मॅनेजरचा चेहरा पडतो.

तरीही माझा स्वतःबद्दलचा समज फार चांगला होता. मोठी गाडी विकण्याची माझी एक खास पद्धत होती. गिऱ्हाइकाला मी डोळे मिटायला सांगायचो आणि गाडीचं दार लावायचो. धप्प. जड, भरीव आवाज. मग हलक्या आवाजात म्हणायचो, "ऐकलंत? आता समोर जाऊन त्यांचं दार लावून बघा." पेट्रोल स्वस्त होतं तेव्हा या एका आवाजावर मी कितीतरी गाड्या खपवल्या. निदान मला तरी त्या आवाजावरच खपल्या असं वाटायचं.

समोरच्या शोरूममध्ये माझा साडू नोकरीला. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. अकरा वर्षांत त्याने एकदाही रस्ता ओलांडला नाही. बोलायला कमी, हसायला त्याहून कमी. गिऱ्हाईक पैसे घेऊन दारात उभं असलं तरी हा म्हणणार, "घाई नाही, घरच्या सगळ्यांना घेऊन या." मग म्हातारेकोतारे, पोरंबाळं, सगळा गोतावळा यायचा. साडू प्रत्येकाला प्रत्येक सीटवर बसवायचा, उतरवायचा, परत बसवायचा. मी आमच्या काचेतून बघायचो आणि आमच्या लोकांना म्हणायचो, "आमचे साडू गाडी विकतायत की संगीतखुर्ची खेळतायत?" लोक हसायचे. महिनाअखेरीस त्याच्या नावापुढे नऊ गाड्या असायच्या, माझ्या नावापुढे तीन. याचं खापर मी पेट्रोलवर फोडायचो.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या कंपनीने एक नवी गाडी काढली. इंजिन लहान, पण बसायची जागा उंचावर. तिला बघून मी पोट धरून हसलो होतो. धड लहान नाही, धड मोठी नाही, उंच टाचांचे बूट घातलेली बुटकी बाई, असं मी तिचं वर्णन करायचो. गेल्या वर्षी मध्ये चार महिने पेट्रोल चांगलं उतरलं होतं, तरी लोक त्या गाडीसाठी समोरच जात राहिले. तेव्हा मला काहीतरी कळायला हवं होतं. मी म्हटलं, लोकांना अक्कल नाही.

यंदा पेट्रोल दोन महिन्यांत तीनदा चढलं आणि आमच्या शोरूममध्ये शुकशुकाट झाला. जे चुकूनमाकून आत यायचे ते माझं दार ऐकण्याआधीच विचारायचे, "अ‍ॅव्हरेज किती?" मी खरा आकडा सांगितला की ते घड्याळ बघायचे. एका सकाळी मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं. तो माझ्याहून चौदा वर्षांनी लहान, त्यामुळे वाईट बातमी देताना फार आदराने बोलतो. म्हणाला, "सर, वरून आलंय. पाचातले दोघं कमी करायचेत. या महिन्यात ज्याच्या नावावर एकही गाडी नाही तो आधी." महिन्याचे बारा दिवस उरले होते आणि माझ्या नावापुढे भोपळा होता.

मी हे फक्त बायकोला सांगितलं आणि कुणापाशी बोलू नकोस म्हणून बजावलं. पन्नाशी उलटलेल्या माणसाला उद्यापासून येऊ नका म्हणतात, ही काही मिरवायची गोष्ट नाही. मला भीती वाटत होती. इतकी की सकाळी दाढी करताना मी आरशात स्वतःला गाडी विकून बघायचो. मी ती घेतली नाही.

आणि अशात सासऱ्यांचा फोन आला. "गाडी घ्यायची म्हणतोय. तुमच्याकडची, मोठी."

सासूबाईंच्या गुडघ्यांना आता बस झेपत नव्हती, म्हणून दोघं गाडीच्या विचारात होते हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आदल्याच रविवारी त्यांच्याकडे जेवायला गेलो असताना मी तासभर व्याख्यान झोडलं होतं. मोठी गाडी म्हणजे सुरक्षितता, मोठी गाडी म्हणजे रुबाब, शिवाय तो दाराचा आवाज. साडू मान खाली घालून जेवत होता. तेव्हा फोन खाली ठेवल्यावर मला क्षणभरही शंका आली नाही. अखेर माझ्या जिभेने बाजी मारली, असं मी बायकोला सांगितलं. ती नुसतं "हो का," म्हणाली आणि कपड्यांच्या घड्या घालायला लागली.

दुसऱ्या दिवशी सासरे एकटेच शोरूमला आले. त्यांचं आयुष्य जमीन मोजणीच्या कचेरीत गेलेलं, अजूनही खिशात टेप असतो. दाराचा आवाज ऐकायला ते तयार होईनात. गाडीचं दार उघडून त्यांनी जमिनीपासून आतल्या फरशीपर्यंतची उंची दोनदा मोजली. "सतरा इंच," म्हणाले, चिठ्ठीवर लिहून घेतलं आणि गेले. मला वाटलं, घरच्या फाटकाचा काहीतरी हिशेब असेल.

त्याच दुपारी पंपाजवळच्या चहाच्या टपरीवर साडू भेटला. मला राहवेना. म्हटलं, "बाबा आमच्याकडची घेतायत. ऐकलं असेलच."

"बरं झालं," साडू म्हणाला. मग थोडं थांबून, "आईंना एकदा बसवून बघा साडूभाऊ. आणि उतरवूनही बघा."

"उतरायला काय लागतं?" मी म्हटलं. बिचारा जळतोय, असं वाटून मी त्याच्या चहाचे पैसेही दिले. त्या उदारपणाची आठवण झाली की आजही मान वर करवत नाही.

शनिवारी सासूसासरे दोघं आले. मी टेबलावर फॉर्म भरून ठेवला होता, फक्त सही बाकी होती. मॅनेजर जातीने उभा राहिला होता, बाकीचे चौघेही कामं सोडून आले. सासूबाई गाडीपाशी गेल्या. डाव्या हाताने दाराची कड धरली, उजव्याने आतली मूठ पकडली, उजवा पाय टाकला, एक श्वास घेतला आणि वर. अगदी ठरल्यासारखं. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "बघा, त्र्याहत्तर वर्षांची बाई. आणि लोक म्हणतात मोठी गाडी उंच पडते."

दार लावलं. धप्प. काचेतून सासूबाई माझ्याकडे बघून हसल्या.

मग मी दार उघडलं आणि म्हटलं, "या, उतरा आता."

त्या उतरल्या नाहीत. एक पाय बाहेर काढला, खाली बघितलं, पाय परत आत घेतला. मग दुसरा काढून बघितला. कपाळावर घाम आला होता. सासरे पुढे झाले तशा त्या हळूच त्यांना म्हणाल्या, पण मी जवळच होतो. "चढायचं जमलं हो. उतरायचा सरावच राहिला. दोन दिवस द्या, तेही करते."

"सराव कसला?" मी विचारलं.

सासरे टेपशी चाळा करत राहिले. त्यांना खोटं बोलता येत नाही. म्हणाले, "घरच्या स्टुलाला फळी ठोकून सतरा इंच केलंय. चार दिवस चढतेय ती. रोज दहा वेळा."

"पण कशाला?"

"धाकटे येऊन सांगून गेले ना. थोरल्यांच्या नोकरीचं आहे, आमच्या गाडीकडे बघूसुद्धा नका म्हणाले."

म्हणजे बायकोने बहिणीला सांगितलं, बहिणीने नवऱ्याला, आणि माझ्या साडूने हातातलं गिऱ्हाईक स्वतः जाऊन माझ्याकडे वळवलं. मी तासभर जी जीभ चालवली तिचा यात काडीचाही संबंध नव्हता. दुखऱ्या गुडघ्यांची एक बाई चार दिवस स्टुलावर चढत होती, आणि मी घरी बायकोसमोर छाती फुगवून फिरत होतो.

आता इथे मी काहीतरी थोर केलं असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. मी फॉर्मकडे बघितलं. पेनाचं टोपण उघडंच होतं. मॅनेजर बघत होता. आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, "खाली जादा पायरी बसवून मिळते, आई."

सासूबाईंचा चेहरा उजळला. "मग बसवा की. तुमचं काम होऊन जाऊ दे."

त्या वाक्याने माझी फार लाज निघाली. पुढचं भरभर सांगतो. मी आणि सासऱ्यांनी दोन बाजूंनी धरून त्यांना खाली उतरवलं. फॉर्म फाडायचं धाडस नव्हतं, तो मी घडी करून खिशात घातला. मॅनेजरने विचारलं, "सर, कुठे निघालात?" मी म्हटलं, "समोर." बावीस वर्षांत पहिल्यांदा मी फळ्याकडे न बघताच नव्हे, फळ्याचा विचारही न करता तो रस्ता ओलांडत होतो. सासूबाई माझा दंड धरून चालत होत्या. गाड्यांना थांबवायला आम्हाला बराच वेळ लागला.

साडूने आम्हाला काचेतून येताना पाहिलं आणि तो दाराबाहेरच आला. त्याला इतकं चिडलेलं मी कधी बघितलं नव्हतं. "इकडं कशाला आणलंत त्यांना? सगळं जुळवून आणलं होतं मी. डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

"नव्हतं," मी म्हटलं. "आईंना बसवा त्या गाडीत. आणि उतरवाही."

त्या उंच टाचांच्या बुटक्या गाडीचं दार त्याने उघडलं. सासूबाई तिच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि पलंगाच्या कडेवर टेकावं तशा टेकल्या. चढणं नाही, वाकणं नाही. पाय आत घेतले. मग पाय बाहेर काढून, कशालाही न धरता उठून उभ्या राहिल्या. त्यांचा स्वतःवर विश्वास बसेना, म्हणून परत बसल्या, परत उठल्या. तिसऱ्यांदा उठल्या तेव्हा त्या हसत होत्या आणि सासरे टेप खिशात ठेवून डोळे पुसत होते.

मी बावीस वर्षं पंपाचा फळा वाचत बसलो. साडू माणसं बसवून बघत होता. पेट्रोल चढलं की लोक समोर जातात हे खरं, पण उतरल्यावरही ते तिकडेच का राहिले, हे मला त्या दिवशी कळलं. घराघरांत गुडघे आहेत. आम्ही दार लावून दाखवत होतो.

एक तारखेला माझी नोकरी गेली. मॅनेजरने फारच आदराने सांगितलं. साडूने आपल्या साहेबापाशी शब्द टाकला, आणि पंधरा दिवसांनी, एका सोमवारी, मी चौथ्यांदा रस्ता ओलांडून साडूच्या हाताखाली रुजू झालो. मंगळवारी सकाळी पंपावरचा माणूस शिडी लावून वर चढला आणि भाव चांगलाच खाली उतरवून गेला. समोरच्या शोरूममध्ये चहा आला. माझ्या नव्या साहेबाने आधी फळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. साडूने दुसरी खुर्ची ओढून माझ्या टेबलाशी लावली आणि म्हणाला, "पुढचं कुटुंब सात जणांचं आहे. तुम्ही मागची सीट बघा."

त्या रविवारी आम्ही सगळे सासरी जेवायला गेलो. स्वयंपाकघराच्या भिंतीशी ते फळी ठोकलेलं स्टूल अजून तसंच होतं. मी सासऱ्यांना म्हटलं, "हे आता काढून टाका की, पायात येतं."

"मी केव्हाच काढत होतो," ते म्हणाले. "ही काढू देत नाही."

सासूबाईंनी भाजी चिरणं थांबवलं नाही. "पेट्रोल स्वस्त झालंय म्हणे," त्या म्हणाल्या. "तुमचा काही नेम नाही. उद्या परत पलीकडे गेलात तर लागेल. आता उतरायलाही जमतं मला."